इंग्रजीत प्रश्न सांगताना 'की' विसरायचा

काल भाची वही घेऊन आली, म्हणे मावशी हे डायरेक्ट-इनडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगणं, जमतच नाहीये. तिने लिहिलं होतं, शी आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग. मला लगेच कळलं, हा आपला 'की' आहे! इथे इंदूरात आपण घरी मराठी नि बाहेर हिंदी बोलतो, दोन्हीकडे 'की' लावून प्रश्न जसाच्या तसा ठेवला तरी चालतं, आईने विचारलं की तू कुठे चाललीस, झालं. इंग्रजीत व्हेअर स्वतःच जोडायचं काम करतो म्हणून दॅट नकोच, आणि मुख्य म्हणजे उलटा क्रम सरळ होतो, वॉज आय नाही, आय वॉज.

मग पोह्यांच्या ठेल्यावरचं उदाहरण दिलं. डू यू वॉन्ट जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला)? याचं उत्तर हो किंवा नाही, म्हणून इफ किंवा व्हेदर घ्यायचं, डू गायब, वॉन्टचं वॉन्टेड: ही आस्क्ड मी इफ आय वॉन्टेड जीरावन. प्रश्नचिन्हही जातं, हे तर मुलं हमखास विसरतात.

व्हेन डिड बाबा कम, हे तिने स्वतःच केलं, आजी आस्क्ड व्हेन बाबा हॅड कम. डिड काढून हॅड आठवणीने लावला, मला फार बरं वाटलं.