डेस्कचा 'देसुकु' : कोरियातल्या इंग्रजीच्या वर्गात माझा अनुभव

कोरियातल्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवताना मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल, तर मुलांच्या वहीतल्या पेन्सिलीच्या बारीक अक्षरांनी. इंग्रजी शब्दांची यादी दिली, की मुलं प्रत्येक शब्दाखाली हंगुल लिपीत उच्चार लिहून ठेवतात. डेस्कखाली 'दे-सु-कु', मिल्कखाली 'मिल-कु', स्ट्राइकखाली 'सु-तु-रा-इ-कु'. एका दमात म्हणायचा शब्द पाच तुकड्यांचा होतो आणि घरी तोच पाठ होतो. दुसऱ्या दिवशी आपण कितीही नीट म्हणून दाखवलं तरी मुलाच्या डोळ्यांपुढे पेन्सिलीचं अक्षर असतं, त्यामुळे कानावर पडलेलं तो ऐकतच नाही.

तिकडे शिकवायला जायचं असेल, तर व्हिसाचं थोडक्यात सांगते. इंग्रजी शिक्षकांचा इ-२ व्हिसा मुळात सात इंग्रजी-भाषिक देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्यासाठी वाट आहे ती भारत आणि कोरियात २०१० पासून लागू झालेल्या सेपा या आर्थिक भागीदारी करारातून, तीही सहायक शिक्षक म्हणून. पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता लागते. पदवी आणि पोलिसांचा दाखला यांवर अपोस्टिलचा शिक्का, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जाण्यासाठीचं प्रमाणीकरण, आधीच घेऊन ठेवा. वर्गात सोबत कोरियन शिक्षक असतात आणि तास ४० मिनिटांचा.

आता पुन्हा त्या 'सु-कु'कडे. हंगुल ही कोरियन भाषेसाठी बेतलेली फार सुरेख लिपी आहे, तिला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. अडचण आहे ती कोरियन शब्दाच्या बांधणीत. तिथे शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर येत नाही, आणि अक्षराच्या शेवटी फक्त सात व्यंजनं ऐकू येतात: क, न, त, ल, म, प आणि अनुनासिक ङ. शेवटी 'स' आला तर त्याचा 'त' होतो. म्हणून 'स्ट्र' किंवा 'स्क' दिसलं की मूल मध्ये एक स्वर घालतं. ओठ न गोल करता, ताणून काढलेला तो 'उ'. शेवटी च, ज, श असेल तर त्याऐवजी 'इ' चिकटतो: 'ओरेंजी', 'इंग्लिशी'. यात आळस किंवा दुर्लक्ष नसतं. मुलाचा कान जे नियम पाळतो तेच जीभ पाळते.

हनुवटीखाली तळहात धरून, ती जितक्या वेळा खाली येईल तितकी अक्षरं मोजायची युक्ती इथे फसते. हा 'उ' जबडा जवळपास न उघडताच निघतो, त्यामुळे हनुवटी एकदाच खाली येते आणि मुलाला वाटतं आपलं बरोबर आहे. टाळीही एकटी पुरत नाही, मुलं डेस्कला खुशाल तीन टाळ्या वाजवतात.

शब्दाच्या सुरुवातीसाठी हे करा: आधी नुसतं 'टॉप' म्हणवून घ्या. मग गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगून तीन सेकंद सापासारखी 'स्स्स' फूस. बोटांना थरथर जाणवता कामा नये. फूस न तोडता पुढे 'टॉप', की झाला 'स्टॉप'. थरथर मध्येच आली तर स्वर शिरला, पुन्हा सुरुवात. दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत पुढचा शब्द नको.

शब्दाच्या शेवटावरचा उपाय मला उशिरा सुचला, आणि तो कोरियन भाषेतच होता. शब्द एकटा शिकवूच नका. त्याच्यापुढे स्वराने सुरू होणारा शब्द लावा: 'डेस्क इज', 'मिल्क अँड'. कोरियनमध्ये आधीच्या अक्षराचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरावर सरकतं. देश 'हान्गुक', त्यापुढे 'ओ' लागला की भाषा 'हान्गुगो'. हे त्यांना जन्मापासून येतं. तोच नियम फळ्यावर दाखवला की 'डेस्क इज'मधला 'क' आपोआप 'इ'वर जाऊन बसतो आणि मधला 'उ' गळून पडतो. दोन आठवडे असंच म्हणू द्या. मग 'इज' नुसतं ओठांत म्हणायला सांगा, मग मनात. उरतो तो नीट 'डेस्क'. हे जमलेलं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा झालेला आनंद अजून मनात आहे.

वहीतल्या अक्षरांवर बंदी घालू नका, मुलं लपवून लिहितात. त्याऐवजी शब्दाखाली ठिपके काढायला सांगा, जितके स्वर तितके ठिपके. डेस्कला एक, स्ट्राइकलाही एकच.

आता आपल्या चुका, कारण यातलं अर्धं खापर आपल्या मराठी जिभेवर फुटतं. आपण 'पेन' म्हणतो तो 'प' हवा न सोडता. कोरियन कानाला तो त्यांच्या घट्ट, दाबलेल्या 'प'सारखा लागतो. पाठ्यपुस्तकासोबतचं ध्वनिमुद्रण अमेरिकी उच्चारांचं, त्यात 'प'सोबत हवेचा झोत असतो. मुलं गोंधळतात आणि काही तर आपली नक्कल करून 'प्पेन' म्हणू लागतात. तोंडापुढे टिश्यूची पट्टी धरा, 'पेन' म्हणताना ती उडाली पाहिजे. जुन्या वळणाचा, ओठ मिटून म्हटलेला मराठी 'फ' इथे कामी येतो. पुणे हे नावही कोरियन लोक 'फुने' असंच लिहितात. 'स्पून'मधला 'प' मात्र आपलाच, तिथे पट्टी हलू नये.

तसाच आपला 'व'. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि बनियनसारखा तो दुसरा वेस्ट, आपण दोन्ही एकाच 'व'ने उरकतो. मुलांना पश्चिमेचा 'व' येतो, दुसरा येत नाही, त्याचा ते 'ब' करतात: 'व्हेरी'चा 'बेरी'. आधी आपले दात खालच्या ओठावर टेकवून आरशात बघा, मग त्यांना शिकवा. इंग्रजी 'फ'लाही तेच: 'फाइल' आणि 'पाइल' त्यांच्याकडे एकसारखेच लिहितात. दात टेकवण्याचा सराव जास्त झाला की आठवडाभर 'पेन'चाही दात टेकवलेला 'फेन' होतो. घाबरू नका, दोन्ही शब्द शेजारी ठेवून सराव घ्या. 'झू'चा 'जू' होतो तिथे आपली बाजू भक्कम आहे, 'जग' आणि 'जीव' यांतल्या दोन 'ज'मधला फरक आपल्याला माहीत असतो.

'राइट' आणि 'लाइट' एकच लिहिले जातात. 'ल'आधी अगदी छोटा 'उल' आणि 'र'आधी ओठ गोल करून छोटा 'उ' म्हणायला लावा, मग तो हळूहळू गिळायला सांगा. 'सीट'चा 'शीट' होतो, त्यावर वर्गात हसू देऊ नका.

वर्ग गप्प बसतो याचा अर्थ कळलं नाही असा घेऊ नका. बारावीच्या वर्षात होणाऱ्या सुनुंग या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे ४५ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात, १७ श्रवणाचे आणि बाकी वाचनाचे. बोलण्याला शून्य गुण. श्रवणाच्या वेळी देशभर विमानांची चढउतार थांबवतात, पण तोंड उघडायला कोणी सांगत नाही, याचा मला आजही राग येतो. सगळ्यांसमोर चुकणं मुलांना नकोसं वाटतं, म्हणून आधी एक मिनिट लिहू द्या, मग शेजाऱ्याला सांगू द्या, मग उभं करा. मोठ्या वर्गातल्या मुलाची चूक धाकट्याकडून सुधारून घेऊ नका.

'डोन्ट यू लाइक इट?' असं विचारलं आणि 'येस' आलं, तर त्याचा अर्थ आवडत नाही. आपणही 'तुला नको ना?'ला 'हो' म्हणतो, तसंच. प्रश्न सरळ विचारा. आपण रागावल्यावर मूल मान खाली घालतं ते आदराने, 'माझ्याकडे बघ' म्हणू नका. नुसतं 'टीचर!' अशी हाक आपल्या 'बाई!'सारखीच आहे, तो उद्धटपणा नव्हे. 'कनिंग' म्हणजे त्यांच्याकडे परीक्षेतली कॉपी. आणि वही तपासताना मुलाचं नाव लाल पेनने कधी लिहू नका, ते तिथे अशुभ मानतात. मी निळं पेन वेगळं ठेवते.