न कापलेले चार तास

वडोदऱ्यात प्राणिशास्त्र शिकवताना मी कित्येक वर्षं मुशी कापून दाखवली. स्कोलिओडॉन, म्हणजे लहानशी शार्क. ट्रेमध्ये पडलेली हातभर मासळी आणि बोटांना रात्रीपर्यंत चिकटून राहणारा फॉर्मॅलिनचा वास. मुशीला वाताशय नसतो, तेलानं भरलेलं हे यकृतच तिला पाण्यात हलकं ठेवतं, हे सांगताना मला अजूनही आनंद व्हायचा. पण ती पोहायची कशी, दिवसभरात तिची किती ऊर्जा खर्च व्हायची, हे ट्रेमधून कळत नव्हतं.

विच्छेदन बंद झाल्यावर एका संशोधक मैत्रिणीकडून मी एक फाइल मागून घेतली. बहामातल्या बिमिनी बेटांजवळ खारफुटीच्या उथळ पाण्यात लेमन शार्कची पिल्लं वाढतात. त्यांतल्याच एकाच्या पाठीवरच्या परावर बसवलेल्या त्वरणमापकाची, म्हणजे हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपणाऱ्या यंत्राची, ती नोंद. तीन दिशा, सेकंदाला 25 वाचनं; म्हणजे एका दिशेची तासाला 90,000. शेपटीचा प्रत्येक झोका पडद्यावर लाटेसारखा दिसतो.

एप्रिलची दुपार होती. पंख्याखाली आम्ही ती फाइल साफ करत होतो. एका ठिकाणी लाटा थांबल्या आणि चार तास सरळ रेघ. यंत्र सुटून पडलं असणार, असं म्हणून मी तो भाग पुसायला निवडला.

"मॅडम, थांबा ना," दांडिया बाजारातून येणारी माझी विद्यार्थिनी म्हणाली. "यंत्र सुटलं असतं तर कलंडलं असतं. गुरुत्वाकर्षण बघा, पोहताना ज्या अक्षावर होतं तिथेच आहे."

खरंच होतं. पिल्लू तळाशी पोटावर बसलं होतं. सगळ्या शार्कना श्वासासाठी सतत पोहावंच लागतं, हा समज इथे चालत नाही. लेमन शार्क तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडते आणि निवांत पडून राहते.

माझ्या पोटात गोळा आला. तो तुकडा गेला असता तर दिवसाच्या हालचालीची सरासरी फुगली असती, आणि त्यावरून काढलेली भुकेची गरजही. बरं, तिथे शून्य धरूनही भागत नाही. विसाव्यातही ऑक्सिजन लागतोच, आणि या माशाचं शरीर पाण्याइतकंच तापत असल्यानं ऊन चढलं की स्वस्थ पडल्या पडल्याही खर्च वाढतो. म्हणून तर टाकीत मोजलेल्या ऑक्सिजनच्या वापराशी जुळवल्याशिवाय या लाटांवरून ऊर्जेबद्दल काही बोलता येत नाही. हे मी वर्गात दहादा सांगितलं होतं, तरी हात डिलीटवर गेलाच.

"पुढे सरकव," मी तिला म्हटलं.

रेघ संपताना एक जोरदार उसळी होती. मग पुन्हा संथ, एकसारखे झोके, सेकंदाला साधारण एक. आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या बघत राहिलो. मग तिनं त्या चार तासांना नाव दिलं, "विसावा", आणि फाइल जतन केली.