इफ लावू की स्विच? तुम्ही विचारलंत म्हणून

'इफ-एल्सची माळ लांबत चालली आहे, आता स्विच लावू का?' हा प्रश्न कोड लिहिणाऱ्यांकडून वारंवार येतो. इफ एकेक अट क्रमाने तपासतं, स्विच एकाच किमतीसाठी अनेक पर्याय (केस) मांडतं. माळेची लांबी मोजू नका, अटींकडे बघा. एकच व्हेरिएबल ठरावीक किमतींशी ताडून पाहताय (ऑर्डर नवीन, पाठवलेली, रद्द), तर स्विच. किमतींचा पल्ला तपासताय, किंवा एका अटीत वय आणि दुसरीत खात्याची स्थिती आहे, तर इफच.

पल्ल्यात घोळ होतो तो क्रमाचा. आधी '४० किंवा जास्त' आणि खाली '७५ किंवा जास्त' लिहिलंत, तर ९० गुणही पहिल्याच फांदीत अडकतात. कोड बिनतक्रार चालतो, म्हणूनच ही चूक उशिरा सापडते. मोठी मर्यादा वर घ्या आणि ३९, ४०, ७४, ७५ देऊन तपासा.

स्विचचं जुनं दुखणं म्हणजे ब्रेक, म्हणजे केस तिथेच थांबवणारी ओळ. सी, जावास्क्रिप्टमध्ये तो राहिला की कोड खालच्या केसमध्ये घरंगळतो. गो भाषेत उलटं आहे: केस आपोआप थांबते, पुढे जायचं असेल तर फॉलथ्रू लिहावं लागतं. जावास्क्रिप्टचं स्विच प्रकारही काटेकोर बघतं, त्यामुळे फॉर्ममधून स्ट्रिंग (मजकूर) म्हणून आलेला '१' आकडा १ च्या केसला जुळत नाही आणि गुपचूप डिफॉल्टमध्ये, म्हणजे काहीच न जुळल्यास चालणाऱ्या भागात, जातो.

एनमवर (ठरावीक नावांच्याच किमती असलेल्या प्रकारावर) स्विच असेल तर मात्र डिफॉल्ट लिहायची घाई नको, असं माझं मत. इशारे चालू ठेवले तर जीसीसी हा सीचा कंपायलर सुटलेली किंमत दाखवतो. डिफॉल्ट दिसला की गप्प बसतो. रस्ट भाषेतलं मॅच (तिथलं स्विच) तर सगळ्या शक्यता हाताळल्याशिवाय कंपाइलच होत नाही.

पायथनमध्ये मॅच ३.१० पासून, म्हणजे २०२१ मध्ये आलं. त्यात केसपुढे नुसतं कॉन्स्टंटचं (न बदलणाऱ्या किमतीचं) नाव लिहिलं तर तुलना होत नाही, त्या नावात आलेली किंमत भरली जाते. खाली आणखी केस असल्या तर एरर तरी येते. तीच शेवटची असेल तर काहीही जुळतं. 'रंग.लाल' असं टिंबाचं नाव द्या.

टर्नरी, म्हणजे 'अट ? हे : ते' असं एका ओळीतलं इफ, दोन किमतींतली एक निवडण्यापुरती. एकात एक घातलेली टर्नरी वाचणाऱ्याचा छळ आहे. पीएचपी ८ तर कंसाशिवाय ती स्वीकारतच नाही.

आणि सगळ्याच केस नुसती एकेक किंमत परत करत असतील तर सरळ मॅप किंवा डिक्शनरी (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांची यादी) करा. किल्ली सापडली नाही तर काय द्यायचं, तेही तिथेच ठरवा. पायथनमध्ये 'गेट'चं दुसरं आर्ग्युमेंट त्यासाठीच आहे.