इंजिन बसलं तर तो सुरक्षेचा प्रश्न नाही?

२०१४ च्या सुरुवातीला युरोपात पोर्शे ९११ जीटी३ या मॉडेलच्या दोन नव्याकोऱ्या गाड्या जळाल्या. पोर्शेने गाड्या देणं थांबवलं आणि ज्यांच्या दारात गाडी पोचली होती त्यांना कळवलं, की ती चालवू नका, आम्ही येऊन घेऊन जातो. तपासात निघालं ते असं: पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा स्क्रू ढिला झाला, सुटलेल्या रॉडने क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) फोडली, तेल बाहेर आलं आणि पेटलं. त्या मॉडेल वर्षाच्या अशा ७८५ गाड्या होत्या. कंपनीने त्या सगळ्यांची इंजिनं बदलली. नुसते स्क्रू नव्हे, अख्खी इंजिनं.

रिकॉलचा, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा, विषय निघाला की मी ही हकिगत आधी सांगते. कारण बातमी आली रे आली की ‘एवढी महागडी गाडी आणि ही तऱ्हा’ म्हणून लोक नावं ठेवायला लागतात. माझं काम इंजिनं खोलायचं आणि पुन्हा बांधायचं आहे. खोललेलं इंजिन रोज समोर असलं की दोष निघण्याचं नवल वाटेनासं होतं. संताप येतो तो दोष कळल्यावरही गप्प बसण्याचा, आणि त्या गप्प बसण्याला नियमांमध्ये जी जागा मिळते तिचा.

आधी तो स्क्रू बघू. या जीटी३ चं ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ९००० फेरे) फिरतं, म्हणजे सेकंदाला १५० फेरे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ७७.५ मिलिमीटर. तेवढ्याशा अंतरात प्रत्येक पिस्टन सेकंदात तीनशे वेळा थांबतो आणि उलट दिशेला निघतो. वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पटींच्या पुढे जातं. म्हणजे १०० ग्रॅमचा तुकडा त्या क्षणी साडेतीनशे किलोहून जास्त ओढ देतो, आणि पिस्टन, पिन, रिंगा, रॉडचा वरचा भाग मिळून वजन १०० ग्रॅमच्या कितीतरी वर असतं. पुष्कळांना वाटतं की सगळ्यात जास्त जोर मिश्रण पेटतं तेव्हा येतो. रॉडच्या स्क्रूंसाठी ते खरं नाही. तेव्हा रॉड दाबला जातो, स्क्रू निवांत असतात. त्यांची परीक्षा एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी होते. व्हॉल्व्ह उघडे, वरून दाब जवळजवळ नाही, पिस्टन मात्र वर सुटलेला, आणि त्याला क्रँकला धरून ठेवायला रॉडच्या खालच्या टोकावरच्या कॅपचे दोन स्क्रू. हे रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या कमाल वेगाला, सेकंदातून ७५ वेळा.

हा स्क्रू आवळताना तो किंचित ताणायचा असतो. तो ताण हीच त्याची पकड. म्हणून आधी ठरावीक टॉर्कपर्यंत (पिळण्याच्या जोरापर्यंत) आवळायचं, मग ठरावीक अंश फिरवायचं. काही इंजिनांत स्क्रूची लांबी आवळण्याआधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजून फरक लिहून ठेवतात. एकदा ताणलेला स्क्रू बहुतेक ठिकाणी पुन्हा वापरत नाहीत. ताण कमी पडला, तर प्रत्येक फेऱ्यात कॅप अगदी सूक्ष्म उघडमीट करते, आणि स्क्रू थकत जातो किंवा फिरायला लागतो. बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन शेवटच्या मिनिटापर्यंत सुरेल वाजतं.

म्हणूनच अख्खी इंजिनं बदलण्याचा निर्णय मला फार योग्य वाटतो. त्या स्क्रूपर्यंत पोचायचं तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. ७८५ इंजिनं वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या हातांनी खोलून पुन्हा बांधायची, म्हणजे एका दोषाच्या जागी दहा नवे दोष पेरण्याची शक्यता.

ही भीती पोकळ नाही. २०१८ मध्ये सुबारू बीआरझेड आणि तिची जुळी टोयोटा ८६ यांच्या सुरुवातीच्या गाड्यांचा व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी रिकॉल निघाला. स्प्रिंग तुटू शकते, इंजिन बंद पडू शकतं, असा दोष. स्प्रिंग म्हणजे बोटभर वस्तू. पण आडव्या सिलिंडरांच्या बॉक्सर इंजिनात तिच्यापर्यंत जायला इंजिन गाडीतून उतरवावं लागतं, कव्हरं काढावी लागतात, सांध्यातून तेल गळू नये म्हणून लावलेला जुना सीलंट खरवडून नवा लावावा लागतो. आणि मग तक्रारी यायला लागल्या, की रिकॉलचं काम होईपर्यंत ठणठणीत असलेली इंजिनं कामानंतर काही दिवसांत बसली. खोलल्यावर तेलाच्या वाटेत सीलंटचे तुकडे सापडल्याचं मालक सांगत होते. प्रकरण कोर्टात गेलं. सीलंट लावणं हे काम दिसायला सोपं आहे आणि त्याच्याइतकं बिघडवायला सोपं दुसरं काम नाही. जास्त लावला की दोन्ही बाजूंना ओघळतो. बाहेरचा ओघळ पुसता येतो, आतला कोणी पाहत नाही. तो सुटून तेलात पडतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

पुन्हा जीटी३ कडे. त्याच ३.८ लिटर इंजिनाच्या घराण्यात पुढे दुसरा आजार निघाला. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे जे छोटे फिंगर फॉलोअर असतात, ते आणि कॅमचे उंचवटे झिजायला लागले. मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं), चेक इंजिनचा दिवा, आणि बऱ्याच मालकांना पुन्हा नवं इंजिन. इथे रिकॉल निघाला नाही. पोर्शेने इंजिनाची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली. पुढच्या ४ लिटरच्या इंजिनात तर व्हॉल्व्हची रचनाच बदलली: व्हॉल्व्हचा गॅप तेलाच्या दाबाने आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक अॅडजस्टर काढून टाकले आणि कारखान्यातच शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून तो गॅप कायमचा ठरवून दिला. दोष मान्य करून मूळ रचनेत हात घालणं याला मी दाद देते. तरी वॉरंटीला मुदत असते आणि इंजिन मुदत बघून झिजत नाही, ही खंत उरतेच.

आता मुद्द्यावर येते. अमेरिकेत रिकॉलचा पाया १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यात आहे, आणि त्यातला कळीचा शब्द आहे सुरक्षा. आग लागली, स्टिअरिंग गेलं, ब्रेक गेले, तर रिकॉल. इंजिन लवकर झिजलं, तर तो टिकाऊपणाचा प्रश्न. तो वॉरंटीने सोडवायचा आणि वॉरंटी संपली की मालकाने. सुरक्षेचा रिकॉल गाडीच्या चेसिस नंबरला चिकटतो, मालक कितीही बदलोत. वॉरंटी मात्र एक दिवस संपते. स्पोर्ट्स गाड्या थोड्या चालतात आणि हात बदलत जातात, त्यामुळे फटका बसतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला. त्याने वर्षानुवर्षं पैसे साठवून जुनी गाडी घेतलेली असते.

ही रेषा कागदावर स्वच्छ दिसते. पण २०१२ साली फेरारीने अमेरिकेत ४५८ इटालिया आणि कॅलिफोर्नियाच्या दोनशेच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, कारण क्रँकशाफ्टचं मशिनिंग चुकलं होतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होऊ शकत होतं. म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन जाम होणं हा सुरक्षेचा दोष ठरला. रास्तच आहे. मग बेअरिंग वितळून तेच इंजिन जाम झालं तर तो टिकाऊपणाचा प्रश्न कसा? मागच्या चाकांना ताकद देणारं इंजिन वळणावर अचानक अडकलं, तर चाकंही अडकतात. चालवणाऱ्याला क्लच दाबायला वेळ मिळाला तर मिळाला.

बेअरिंगबद्दल थोडं थांबून सांगते, कारण या गाड्यांचं निम्मं दुःख तिथेच आहे. रॉड आणि क्रँक यांच्या मध्ये अर्ध्या चंद्राच्या आकाराचे दोन पातळ शेल असतात. पाठीला पोलाद, त्यावर मऊ धातू, सगळ्यात वर आणखी मऊ करडा थर. धातू धातूला टेकतच नाही, मध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि जोर येतो तेव्हा तो केसाहून कितीतरी पातळ होतो. मागे एका स्पोर्ट्स गाडीचं इंजिन माझ्याकडे आलं होतं, आवाज नाही, दिवा नाही, मालकाला फक्त खात्री करून घ्यायची होती. शेल काढले तर वरच्या शेलांच्या मध्यभागी करडा थर गेलेला आणि खाली तांबूस रंग उघडा पडलेला. एका शेलवर तो पट्टा अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा होता, कडेला तेलाच्या कचऱ्याचे बारीक चरे. कागदावर गाडीची सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली. मालकाने कंपनीकडे लिहिलं, उत्तर आलं की गाडी वॉरंटीबाहेर आहे. त्या पत्रात तांबूस पट्ट्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ चं उदाहरण यात उजवं आहे. तिचं ३.२ लिटरचं इंजिन ८००० आरपीएमला जातं. सुरुवातीच्या काही गाड्यांची रॉड बेअरिंगं गेली, तेव्हा कंपनीने मोहीम काढून शेल बदलून दिले आणि अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी सहा वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. तिच्या पुढच्या पिढीत ८४०० आरपीएमचं ४ लिटर व्ही८ आलं. त्याच्या बेअरिंगांबद्दल मालकांनी ढीगभर फोटो आणि मोजमापं जमवली, पण रिकॉल निघाला नाही. आज ती गाडी बाळगणारे कित्येक जण स्वतःच्या खर्चाने आधीच शेल बदलून घेतात, जणू तो तेलाइतकाच नेहमीचा खर्च आहे. शेवरोले कॉर्वेट झी०६ च्या ७ लिटरच्या एलएस७ इंजिनाचंही तेच. ५०५ हॉर्सपॉवर, टायटेनियमचे इनटेक व्हॉल्व्ह, सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मोहून जावं असं इंजिन. व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो ते गाइड झिजतात, व्हॉल्व्ह त्यात डुलायला लागतो आणि कधीतरी त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं. रिकॉल नाही. मालक हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून गाइड नवे बसवतात.

मी उत्पादकांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. एवढ्या वेगाने फिरणारं यंत्र रस्त्यावर, हमीसह, कोणाच्याही हातात द्यायचं, ही कामगिरी किती मोठी आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच वाटतं की ज्यांना एवढं जमतं, त्यांना झिजलेल्या शेलचा फोटो बघून चार वाक्यं खरी लिहिणंही जमायला हवं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या इंजिनांत हा त्रास दिसतो, अमुक अंतरावर शेल तपासा. रिकॉल नको असेल तर नको, पण निदान एवढं जाहीर सांगा.

तोपर्यंत जुनी स्पोर्ट्स गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं. चेसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघाच, पण ‘रिकॉल नाही’ या उत्तरावर निश्चिंत होऊ नका. त्या इंजिनाचा नेहमीचा आजार कोणता ते आधी शोधा आणि विकणाऱ्याला नेमका त्याबद्दल विचारा. रिकॉलचं काम झालं असेल तर कुठे झालं, इंजिन उतरवलं होतं का, कामाचा कागद आहे का. इंजिन बदललं असेल तर जुना नंबर, नवा नंबर. सौदा ठरण्याआधी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. शेल कोणत्या धातूचे आहेत त्याप्रमाणे अहवालात शिसं आणि तांबं बघायचं, किंवा कथील आणि अॅल्युमिनियम. एका नमुन्यावर निकाल लागत नाही, म्हणून विकणाऱ्याकडे आधीचे अहवाल असतील तर तेही मागा. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उजेडात धरा, चमचमणारे कण डोळ्यांनाच दिसतात. विकणारा हे करू देत नसेल, तर ती गाडी सोडून द्या. बेअरिंग बदलल्याची, गाइड बसवल्याची बिलं जपून ठेवलेली दुसरी गाडी थोडी महाग मिळाली तरी मी तीच घेईन.