सिंडर परत भट्टीत टाकताय? आधी त्यातली वाळू काढा

बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या बॉयलरमध्ये बॉयलर बँक (वाफ बनवणाऱ्या ट्यूबांचा जुडगा), इकॉनॉमायझर (बॉयलरचं पाणी आधी तापवणारा) आणि एअर प्रीहीटर (भट्टीची हवा तापवणारा) यांच्याखालच्या हॉपरमधून, म्हणजे नरसाळ्यासारख्या पेट्यांमधून, जे काळं सिंडर पडतं, त्याला कारखान्यात सरसकट राख म्हणतात. पूर्ण विझलेला, गार झालेला त्याचा ओंजळभर नमुना वजन करून पाण्याच्या बादलीत टाकून बघा. हलका, भोकाभोकांचा कोळसा वर तरंगतो आणि करडी बारीक वाळू तळाला बसते. थोड्या वेळाने कोळसाही पाणी पिऊन बुडायला लागतो, म्हणून वरचा थर लगेच ओतून घ्यायचा. तळाची वाळू वाळवून पुन्हा वजन करा, म्हणजे वाळूचा वाटा कळतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत शिफ्टला एवढा अंदाज पुरतो.

त्या कोळशात पैसा किती अडकलाय? रोज ५००० टन गाळपाचा कारखाना धरा. बगॅस उसाच्या २८ टक्के, म्हणजे १४०० टन. त्यात राख २ टक्के धरली तर २८ टन. बाहेर पडणाऱ्या मालात न जळलेला कार्बन ३० टक्के असेल तर एकूण माल ४० टन आणि त्यातला कार्बन १२ टन. कार्बनची उष्णता किलोला सुमारे ८००० किलोकॅलरी, ५० टक्के ओलाव्याच्या बगॅसची साधारण २२७०. म्हणजे रोज ४० टनांहून जास्त बगॅसची उष्णता राखेच्या ट्रॉलीतून चालली आहे. सगळी परत मिळत नाही हे खरं, पण निम्मी मिळाली तरी सहवीज प्रकल्पाला ती हवीच असते.

म्हणून सिंडर रिफायरिंग (सिंडर पुन्हा जाळायची व्यवस्था) बसवतात: हॉपरखाली रोटरी एअरलॉक व्हॉल्व्ह (माल खाली सोडणारा, पण हवा आत न येऊ देणारा फिरता व्हॉल्व्ह), त्याखाली हवेचा इंजेक्टर आणि पाइपमधून माल परत भट्टीत. कागदावर सोपं आहे. घोळ असा की या वाटेने कोळशाबरोबर वाळूही परत जाते. कोळसा एका-दोन फेऱ्यांत जळतो, वाळू जळत नाही. ग्रेटवर (भट्टीच्या तळाच्या जाळीवर) बसण्याइतकी जड नसलेली वाळू पुन्हा उडते, बँकेतून जाते, हॉपरमध्ये पडते, पुन्हा भट्टीत येते. उसाबरोबर तासाला जेवढी वाळू येते तिच्या कितीतरी पट वाळू ट्यूबांवर आपटत राहते. वाळूतलं क्वार्ट्‌झ बॉयलर ट्यूबच्या पोलादापेक्षा कठीण. हंगाम ऐन भरात असताना ट्यूब फाटते, आणि खापर ट्यूबच्या दर्जावर फुटतं.

उपाय म्हणजे हॉपर आणि इंजेक्टर यांच्यामध्ये चाळणी. वाळू बहुतेक बारीक असते, कामाचा कोळसा जाड. साधारण १ मिलिमीटर जाळीची फिरती किंवा कंपन चाळणी सुरुवातीला ठीक. वरचा माल भट्टीत, खालचा राखेच्या कन्व्हेयरवर. खालच्या मालात थोडा बारीक कोळसा जातो, जाऊ द्या. तो परत टाकला तरी न जळताच उडतो. जाळी नक्की करण्याआधी आपल्याच हॉपरचा नमुना तीन-चार जाळ्यांतून चाळून प्रत्येक थरात कार्बन किती ते मोजावं. १०५ अंशांवर वाळवून वजन, मग मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत) ७५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत जाळून पुन्हा वजन. जी घट येते तो ढोबळमानाने कार्बन. ज्या थरात कार्बन एकदम घसरतो, जाळी तिथली.

चाळणी पूर्ण बंद केसिंगमध्ये हवी आणि तिच्या दोन्ही टोकांना एअरलॉक हवेत. हॉपरमधला कोळसा धुमसत असतो, मोकळ्या हवेत पडला की लालबुंद होतो, जाळी वाकते. माल ओला झाला तर जाळीची भोकं बुजतात आणि चाळणी नुसती फिरत राहते. वरून सगळं नीट चाललेलं दिसतं, पण वाळू कोळशाबरोबर भट्टीत चाललेली असते. म्हणून बादलीची परीक्षा चाळणीनंतरच्या मालावरही शिफ्टमधून एकदा करावी.

इंजेक्टरची तोंडं ग्रेटच्या वर पण स्प्रेडरच्या (बगॅस भट्टीत फेकणाऱ्या तोंडांच्या) पातळीखाली, भट्टीच्या गरम भागाकडे. फार वर ठेवली तर कोळशाला जळायला वेळच मिळत नाही, तो नुसता फेऱ्या मारतो. याची खूण म्हणजे बाष्पभार तोच असताना बँकेवरचा ड्राफ्टचा (धुराच्या गॅसच्या दाबाचा) फरक वाढत जातो आणि हॉपर लवकर भरतात. भरलेला हॉपर तर आणखी वाईट. माल वर चढून गॅसच्या वाटेत येतो, उरलेल्या वाटेतून गॅस जोरात जातो.

गॅसच्या वेगाचा हिशोब डोक्यात पक्का असावा. झीज ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग २० टक्के वाढला की झीज जवळजवळ पावणेदोन पट. आणि वेग वाढायला भार वाढावाच लागतो असं नाही, बाहेरची हवा आत गळली तरी पुरते. गॅसमध्ये बँकेआधी ऑक्सिजन ५ टक्के आणि इकॉनॉमायझरनंतर ८ टक्के दिसत असेल, तर (८ − ५) भागिले (२१ − ८), म्हणजे कोरडा गॅस सुमारे २३ टक्क्यांनी वाढलाय. ही हवा बहुतेक वेळा झिजलेल्या एअरलॉक व्हॉल्व्हमधून, हॉपरच्या मॅनहोलमधून, फ्लँजच्या पॅकिंगमधून शिरते. आयडी फॅन (गॅस चिमणीकडे ओढणारा पंखा) चालू असताना पेटती उदबत्ती जोडाजवळ धरायची. धूर आत ओढला गेला की जागा सापडली. (उदबत्ती बगॅसच्या बेल्टजवळ नेऊ नका, एवढं सांगावं लागतं.) व्हॉल्व्हच्या पात्यांची झीज मात्र उघडूनच कळते.

इएसपीच्या (चिमणीआधी विजेच्या भाराने धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमधली धूळ परत भट्टीत टाकायच्या भानगडीत पडू नये. ती पिठासारखी बारीक, त्यात पोटॅशचे क्षार. कार्बन फारसा मिळत नाही आणि सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांवर) चिकट थर मात्र वाढतो. उलट जाड कोळसा इएसपीपर्यंत पोचूच नये हे बघावं. कार्बनचा कण विजेचा भार पटकन सोडतो, प्लेटवर टिकत नाही, पुन्हा गॅसमध्ये उडतो आणि चिमणीवरची धुळीची १५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटरची मर्यादा हुकते. तोच कोळसा इएसपीच्या हॉपरमध्ये साचला आणि खालून हवा शिरली तर आग लागते. त्या हॉपरमध्ये माल साठवायचा नाही, सतत काढत राहायचं. बॉयलर पेटवताना हॉपरचे हीटर आधीपासून चालू हवेत. बगॅसच्या गॅसमध्ये वाफ भरपूर असते, ६०-६५ अंशांच्या खाली गेलेल्या पत्र्यावर पाणी सुटतं आणि राखेचा गारा होतो.

ऑफ सीझनला अल्ट्रासोनिक गेजने ट्यूबांची जाडी घेताना नेहमीच्या ठिकाणांवर थांबू नका. बाजूच्या भिंतीलगतच्या ट्यूब, इकॉनॉमायझरची बेंड्स आणि एअर प्रीहीटरच्या ट्यूबांची गॅस शिरण्याची तोंडं आधी बघा. भिंतीलगत फट राहिली की गॅस तिथून पळतो आणि वाळू त्याच्यासोबत.

पावसात तोडलेला ऊस, यंत्राने तोडलेला ऊस आणि साठवणीच्या यार्डातला शेवटचा बगॅस यांत माती जास्त येते. त्यातही यार्डाचा तळ सगळ्यात वाईट. लोडरचं बकेट जमीन खरवडतं आणि मुरूम थेट बेल्टवर येतो. तळाचा हातभर थर सोडून द्यावा. तो जाळायचाच असेल, तर तेवढे दिवस रिफायरिंग बंद ठेवून हॉपरचा सगळा माल सरळ राखेच्या कन्व्हेयरवर सोडावा.