माग कुणाचा?

आठवीचा वर्ग. बाईंनी विचारलं, "जीवाणू आणि विषाणू, फरक काय?" मी म्हणालो, "बाई, दोन्ही किडेच." सोलापूरच्या पूर्व भागातली आमची घरं तेलुगू बोलणारी. आजीच्या लेखी डोळ्यांना दिसणारं, न दिसणारं, सगळं एकच : 'पुरुगु'. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी दोन्ही शब्द तोडून लिहिले : जीव-अणू, विष-अणू. मग म्हणाल्या, "तुझ्या घरी चादरीचा माग आहे ना? जकार्डची, नक्षीची भोकं पाडलेली कार्डं नुसती खुंटीला टांगली, तर नक्षी विणली जाईल?"

"नाही, बाई."

"विषाणू म्हणजे ती कार्डं. नक्षी कशी विणायची ते त्यात आहे, पण माग नाही. तो तुझ्या पेशीत शिरतो आणि तुझ्याच मागावर, तुझ्याच सुतानं आपली नक्षी विणून घेतो. जीवाणूचा माग त्याचा स्वतःचा."

पुढे सूक्ष्मजीवशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली. याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही.

शाळेच्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाखाली बाईंनी दह्याचा थेंब निळा रंगवून दाखवला होता. गोलाणू, दंडाणू हे शब्द तिथं डोळ्यांनी शिकलो. "आता विषाणू दाखवा," असा आमचा हट्ट. तो यात दिसणार नाही, बाई म्हणाल्या. दंडाणू साधारण 2 मायक्रोमीटरचा, म्हणजे 2000 नॅनोमीटरचा, फ्लूचा विषाणू 100 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे वीसेक पट लहान. 1892 मध्ये रशियन शास्त्रज्ञ इवानोव्स्कींनी रोगट तंबाखूचा रस जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी तो रोग लावतच राहिला. 1898 मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी त्या न दिसणाऱ्या कारणाला व्हायरस म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विष.

जीवाणू पहिल्यांदा पाहणारा लेवेनहूक हॉलंडातला कापडवाला होता, सूत भिंगातून तपासणारा, हे कळलं तेव्हा आम्ही सगळे ताठ बसलो. तसलं भिंग माझ्या वडिलांच्या खिशात असायचं.

आज मी सोलापुरातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. ग्रॅम या शास्त्रज्ञाची जीवाणू रंगवून ओळखायची 1884 ची पद्धत रोज हाताखालून जाते : आधी जांभळा रंग, मग तो पक्का बसवायला आयोडीन, मग अल्कोहोलची धुवण, शेवटी लाल रंग. जाड भित्तिकेचे जीवाणू जांभळे राहतात, पातळ भित्तिकेच्यांचा रंग उतरतो आणि ते गुलाबी दिसतात. रंगखान्यात आयुष्य घालवलेल्या वडिलांना हे सांगितलं, तर ते सहज म्हणाले, "म्हणजे पक्का रंग, कच्चा रंग." मला कॉलेजात हे समजायला आठवडा लागला होता.

परवा विड्या वळणाऱ्या एक मावशी रिपोर्ट न्यायला आल्या. साध्या सर्दी-तापाला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून नाराज होत्या. व्हायरल आहे, एवढं सांगून त्यांचं समाधान होईना. मी त्यांना बसवलं आणि बाईंची कार्डं, बाईंचा माग, सगळं तेलुगूत सांगितलं. अँटिबायोटिक जीवाणूचा माग बंद पाडतं, विषाणूला मागच नाही. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. माग तर माझाच. गोळी मारायची कुणाला?"