बंगालचा अर्ज मोडी लिपीत: तिसरं पान बाद, पण शब्द सापडला

मंडळी, तिसरं पान वाळत घातल्याचं मागच्या वेळी कळवलं होतं. ते फाडावं लागलं.

नवीन आलेल्यांसाठी: बंगालच्या ११७ कापड-व्यापाऱ्यांनी १ सप्टेंबर १८३१ रोजी कलकत्त्याहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या सल्लागार मंडळाच्या) व्यापार-समितीला केलेला अर्ज मी मराठीत आणून बोरूने मोडीत उतरवतोय. त्यात जकातीचे दोनच दर आहेत. बंगालचं सुती कापड विलायतेत गेलं की शेकडा १०, रेशमी गेलं की शेकडा २४. शेजारी मी विलायती कापडावरची इकडची जकात ‘शेकडा ३॥’ (साडेतीन) लिहून बसलो. तो आकडा १८४० च्या पार्लमेंटच्या चौकशीतला, म्हणजे नऊ वर्षांनंतरचा! ३ पुढचे ते दोन दंड असे सारखे, कोरडे उतरले होते की फाडताना जीव तुटला.

पण खरा महिना गेला तो एका वाक्यापायी. विलायती कापडाने आमचा धंदा जवळजवळ बुडवला, असं व्यापारी सांगतात. यंत्रांमुळे तिकडचा माल स्वस्त पडतो हेही मान्य करतात. तरी तो बंद करा असं कुठेही म्हणत नाहीत (मीच पहिल्या पोस्टमध्ये तसं लिहिलं होतं, ते दुरुस्त समजा). मागणी एवढीच: ब्रिटिश प्रजेला जे मिळतं ते आम्हाला द्या. आमचं कापड तिकडे बिनजकात घ्या, नाहीतर तुमच्या कापडावर बंगालात जो दर असेल तोच लावा.

हे ‘जे मिळतं ते’ मराठीत कसं आणायचं? ‘मेहेरबानी’ लिहिलं तर अर्जदार पायाशी जाऊन बसतात. ‘सवलत’ म्हटलं तर दुकानातली सूट वाटते. ‘हक्क’ आपल्याला आज बरोबर वाटतो, पण मोडी कागद वाचणाऱ्याला त्यात देशमुख-देशपांड्यांचं उत्पन्न दिसतं. चार मसुदे केले, चारही टाकले.

परवा एक वतनाचा कागद सरावाला घेतला होता. त्यात नेहमीचंच, ‘चालत आले आहे, पुढे चालवावे’. तिथेच थांबलो. नाम शोधायचंच कशाला? ‘विलायतेचे रयतेस जे चालते, ते आम्हांसही चालवावे.’ मागणं आहे, पण वाकणं नाही. हे वाक्य मी पाच वेळा मोठ्याने वाचलं.

शेवटी ‘हे विनंती’ नको, ‘हे विज्ञापना’च हवं, अर्ज वरच्यांकडे चाललाय. त्याआधी ते लिहितात, मागणी मान्य झाली तरी फार फायदा होईल अशी आशा नाही, पण तुमच्या या सद्भावाने मन संतुष्ट होईल. या ओळीला माझा हात दर वेळी थांबतो.

साहित्याचं एकच सांगतो: बाटलीतली तयार शाई घेऊ नका, बोरूखाली पसरते. काजळाची घरी करा आणि कागद आधी घोटून, म्हणजे घासून गुळगुळीत करून, घ्या.

आणि लिहितालिहिता सुचलं, ३॥ वाया कशाला घालवायचा? १८४० चं वेगळंच पान करतो. डावीकडे इकडचे दर: विलायती सुती-रेशमी ३॥, लोकरी २. उजवीकडे तिकडचे: आपलं सुती १०, रेशमी २०, लोकरी ३०. चौथं पान थांबवलं. त्याचाच कागद आज घोटायला घेतलाय.